बीएड, मेथड इंग्रजी: पाचपैकी साडेतीन

पदवीचे निकाल लागले की आमच्या सत्तरी तालुक्यातल्या ओळखीच्या मुलींचे फोन सुरू होतात. "ताई, बीएड करू काय? इंग्रजी मेथड घेऊ काय?" (मेथड म्हणजे जो विषय शिकवायला शिकायचं तो.) प्रत्येकीला तेच सांगून घसा बसला, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते. मिक्सर घ्यायचा तर आपण दहा जणांचे अभिप्राय वाचतो, आणि जिथे दोन वर्षं आणि घरच्यांचे पैसे घालायचे तिथे कॉलेजच्या माहितीपुस्तिकेवर विश्वास ठेवून मोकळे होतो. कॉलेजचं नाव लिहिणार नाही. गोव्यात बीएडची कॉलेजं बोटांवर मोजण्याइतकी आहेत, तरीही अंदाज बांधत बसू नका. मी जे सांगणार आहे त्यातलं बरंचसं अभ्यासक्रमाबद्दल आहे.

आधी निकाल सांगते: पाचपैकी साडेतीन. त्यातले दोन तर एकट्या इंटर्नशिपचे.

माझं शिक्षण म्हणाल तर चौथीपर्यंत सरकारी मराठी शाळा, पाचवीपासून हायस्कूलमध्ये सगळं इंग्रजी, मग बीए, आणि एमए गोवा विद्यापीठात, ताळगावच्या पठारावर. विद्यापीठ 1985 चं. त्याआधी पदव्युत्तर शिक्षणाचं केंद्र मुंबई विद्यापीठाचं होतं, पणजीत. ताळगावचा परिसर सतीश गुजराल यांनी आखलेला, आणि जून-जुलैत तिथला वारा छत्री उलटी केल्याशिवाय राहत नाही. एमएला वाचन भरपूर झालं. पण कविता समजणं आणि सहावीतल्या मुलाला प्रश्न कसा विचारायचा ते समजणं हे वेगळे विषय आहेत, आणि दुसऱ्यासाठी बीएडच करावं लागतं. अकरावी-बारावीला शिकवायचं तर एमएला किमान 50 टक्के आणि बीएड, दोन्ही हवीत. फक्त माध्यमिकला जायचं असेल तर पदवीनंतर थेट बीएड केलं तरी चालतं.

प्राथमिक शाळेसाठी बीएड करणार असाल तर इथेच थांबा. सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2023 रोजी तो प्रश्न निकालात काढला: लहान वर्गांना डीएलएडच, म्हणजे प्राथमिक शिक्षकांची पदविकाच, लागते. माझ्या ओळखीतल्या काहीजणी अजून या भ्रमात आहेत की बीएड मोठी पदवी, म्हणजे खालचं सगळं त्यात आलंच. तसं नाही.

आता कोर्सबद्दल. पूर्वी बीएड एका वर्षात व्हायचं. शिक्षक-प्रशिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या एनसीटीईचे 2014 चे नियम आले आणि त्याची दोन वर्षं झाली. आमच्या आईच्या पिढीतल्या बाई "आम्ही नऊ महिन्यांत केलं हो" असं म्हणून नाक मुरडतात, पण वाढलेला वेळ गेलाय तो मुख्यत: शाळेत. दोन वर्षांत मिळून वीस आठवडे शाळेशी संबंधित काम, त्यातले सोळा सलग इंटर्नशिपसारखे. हजेरीचा नियम कडक आहे: वर्गात 80 टक्के, इंटर्नशिपला 90. लग्नं, बारसे, गावची जत्रा आणि गणेशचवथीचे पाहुणे सांभाळून हे जमवायचं असतं. घरी आधीच सांगून ठेवा. माझ्या वर्गात ज्या मुलींनी सांगितलं नाही त्यांची दोन्हीकडून ओढाताण झाली.

पहिल्या सत्रात मायक्रोटीचिंग. याची टिंगल खूप होते आणि थोडीफार व्हायलाच हवी. स्टॅनफर्ड विद्यापीठात 1963 च्या सुमारास ही पद्धत निघाली, आपल्याकडे तिचं छत्तीस मिनिटांचं चक्र केलं: सहा मिनिटं शिकवा, सहा मिनिटं ऐकून घ्या, बारा मिनिटांत पाठ पुन्हा बेता, सहा मिनिटं पुन्हा शिकवा, सहा मिनिटं पुन्हा ऐकून घ्या. एका वेळी एकच कौशल्य. आज प्रस्तावना, उद्या प्रश्न विचारणं, परवा फळालेखन. विद्यार्थी कोण, तर आपल्याच मैत्रिणी. पंचविशीतल्या, एकीचं लग्न ठरलेलं, दुसरीला वर्षाचा मुलगा, आणि त्या सहावीतल्या मुलांसारखं हात वर करून "टीचर, टीचर" ओरडतात. उत्तरं इतकी शहाणी देतात की शिकवणारीला वाटतं आपल्यासारखी बाई झाली नाही. आमच्यात एकच जण खऱ्या विद्यार्थ्यासारखी वागायची. ती खिडकीबाहेर बघत बसायची. शेवटी तिचाच उपयोग जास्त झाला.

पण फळालेखनाला मात्र पूर्ण गुण. तेव्हा वाटलं होतं, स्मार्टबोर्डच्या जमान्यात हे कशाला? इंटर्नशिपला मिळालेल्या हायस्कूलच्या एका बाजूला पत्र्याचं छप्पर होतं. जुलैत सत्तरीकडचा पाऊस त्यावर सुरू झाला की दुसऱ्या बाकापलीकडे आवाज जात नाही, वीज गेली की प्रोजेक्टर गेला. उरतो तो फळा. मोठं, सरळ, ओळीत, कुठे काय लिहायचं ते आधी ठरवून. त्या सहा-सहा मिनिटांच्या खेळातलं एवढं एक कौशल्य मी रोज वापरलं.

थिअरीचे पेपर भराभर सांगते. तत्त्वज्ञान, समाजशास्त्र, बालमानसशास्त्र, मूल्यमापन. शैक्षणिक उद्दिष्टांची ब्लूमची 1956 ची वर्गवारी आणि तिची 2001 ची सुधारित आवृत्ती इतक्या पेपरांत येते की परीक्षेच्या आदल्या रात्री काही न वाचताही दहा गुणांचं लिहिता येतं. नाटक आणि कलेचा पेपर आहे, तो गंमतीचा. संगणकाच्या पेपरात अजून बऱ्याच गोष्टी पॉवरपॉइंटपाशी येऊन थांबतात. मेथडच्या तासाला व्याकरण-भाषांतर पद्धत, डायरेक्ट मेथड, स्ट्रक्चरल, कम्युनिकेटिव्ह असा इतिहास ओळीने येतो, राजघराण्यांची वंशावळ पाठ करावी तसा. कोणत्या पद्धतीनंतर कोणती आली हे सगळ्यांना येतं. उद्या सकाळी पावणेनऊला वर्गात शिरल्यावर त्यातलं काय काढायचं, ते कोणी विचारत नाही.

त्या ढिगाऱ्यात एक पेपर मात्र सोन्यासारखा. सर्व विषयांतून भाषा, अशा अर्थाचा. विज्ञानाचा, इतिहासाचा शिक्षकही भाषेचा शिक्षक असतो, मूल घरून जी भाषा घेऊन येतं ती अडचण नसून भांडवल आहे, असं त्यात मांडलंय. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा 2005 मध्येही बहुभाषिकता वर्गातलं साधन म्हणूनच येते. बहुतेक मुलींनी हा पेपर सोपा म्हणून सोडून दिला. मला विचाराल तर गोव्यात इंग्रजी शिकवणाऱ्याने दुसरं काही वाचलं नाही तरी हा वाचावा. का, ते इंटर्नशिपला कळतं.

आता तिथे येते, कारण पैसे वसूल होतात ते तिथेच.

मला सहावी आणि आठवी मिळाली. शाळा तालुक्याच्या गावातली, अनुदानित. सहावीच्या वर्गात दोन प्रकारची मुलं एकाच बाकावर बसलेली. काही इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळेतून आलेली, काही आजूबाजूच्या वाड्यांवरच्या सरकारी मराठी शाळांतून. हे असं का झालं त्याला इतिहास आहे. 1990 साली सरकारी अनुदान कोकणी आणि मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळांपुरतं ठेवलं, 2011 मध्ये इंग्रजी माध्यमालाही द्यायचं ठरलं, त्यावरून गोवाभर मोर्चे निघाले. कोण बरोबर, त्यावर आमच्या घरातच दोन पक्ष आहेत, त्यात मी पडत नाही. वर्गात त्याचा परिणाम मात्र समोर बसलेला असतो. एकाला विज्ञानाचं पुस्तक गोष्टीसारखं वाचता येतं, शेजारचा त्यातलं चित्र बघून अंदाज बांधतो. आणि बीएडच्या कुठल्याही पेपरात या बाकाबद्दल एक ओळ नाही. माध्यम बदलल्यावर पहिली दोन वर्षं काय करायचं, एवढं एक प्रकरण जरी असतं तरी मी चार तारे दिले असते.

पहिल्या आठवड्यातली गोष्ट. एका मुलीला उतारा वाचायला सांगितला. काय सुरेख वाचला! स्वल्पविरामाला थांबली, प्रश्नचिन्हाला सूर वर नेला. मी खूश. मग इंग्रजीतच विचारलं, घरी कोण आलं होतं? तिने तोच परिच्छेद पुन्हा पहिल्यापासून वाचला. तितकाच सुरेख. मग कोकणीत विचारलं, तर जराशी दुखावल्यासारखी म्हणाली, "टीचर, म्हाका वाचूंक येता." तिच्या लेखी तिचं काम झालं होतं. पाचवीचं अख्खं वर्ष तिने वाचता येण्यावर निभावलं होतं, आणि कोणाला कळलं नव्हतं, कारण वाचणाऱ्या मुलाला पुढे कोणी काही विचारत नाही.

त्यानंतर मी क्रम बदलला. आधी दोन मिनिटं कोकणी-मराठीत गोष्टीचा सांगाडा, माणसं कोण, भांडण कशावरून. मग इंग्रजी उतारा, मग प्रश्न. सांगाडा माहीत असला की मुलं शब्दांचा अंदाज बांधू लागतात, आणि अंदाज चुकला की भांडतात. भांडण झालं की तास चांगला झाला असं समजायचं.

निरीक्षणाला आलेल्या मॅडमनी पत्रिकेवर लिहिलं: मातृभाषेचा वापर टाळावा. फळालेखन उत्तम. आता गंमत बघा. कोर्सचाच एक पेपर म्हणतो मुलाची भाषा वर्गात येऊ दे, आणि त्याच कोर्सची निरीक्षणपत्रिका त्यासाठी गुण कापते. शिवाय मातृभाषा म्हणजे कोणती? या मुलांची घरची कोकणी, तीही सत्तरीच्या वळणाची. चार वर्षं शाळेत शिकली मराठी. त्यांची पाठ झालेली कविता मराठीत, आजीची ओरड कोकणीत, आता भूगोल इंग्रजीत. मी दोन्ही वापरत होते, ज्याला जी लागेल ती. पत्रिकेत त्यासाठी रकाना नव्हता.

मी पुढे काय केलं? निरीक्षणाच्या दिवशी सांगाडा चित्रांनी काढला, तोंडाने इंग्रजी. गुण मिळाले. इतर दिवशी माझं चालू राहिलं. नव्या मुलींना हाच सल्ला: पत्रिकेशी वाद घालण्यात सोळा आठवडे घालवू नका.

मेथडच्या वंशावळीतलं एक नाव मात्र खरंच कामाला आलं. 1979 ते 1984 या काळात एन. एस. प्रभू यांनी दक्षिणेतल्या साध्या शाळांमध्ये एक प्रयोग केला, बंगळूर प्रकल्प म्हणून तो ओळखला जातो. व्याकरणाचा धडा म्हणून धडा नाही. मुलांना इंग्रजीत एक कोडं द्यायचं, नकाशा, वेळापत्रक, असं काही, आणि ते सोडवता सोडवता भाषा आपोआप येईल असा विश्वास. परदेशी पद्धतींच्या यादीत आपल्या शाळांमधून निघालेली ही एक गोष्ट, आणि आमच्या नोट्समध्ये तिला चार ओळी.

मी सहावीला फळ्यावर बसचं वेळापत्रक लिहून दिलं. वाळपई, होंडा, साखळी, डिचोली, पणजी. वेळा माझ्या मनाच्या. प्रश्न इंग्रजीत: आत्याला सकाळी नऊच्या आत बांबोळीच्या हॉस्पिटलात पोचायचंय, पणजीहून पुढे अर्धा तास धरा, ती कुठली बस धरेल? साखळीला तिला बहिणीला घ्यायचं असेल तर? वर्ग पेटला. सरकारी कदंब बसने जायचं की खाजगी बसने, यावरून मागच्या बाकावर वेगळीच चर्चा. एक मुलगा, जो तोवर माझ्याशी बोललाच नव्हता, उभा राहून म्हणाला की ती बस डिचोलीला पंधरा मिनिटं थांबते, टीचरनी ते धरलंच नाही. हे त्याने मोडक्यातोडक्या का होईना, इंग्रजीत सांगितलं. क्रियापद चुकलं. मी तिथे दुरुस्त केलं नाही, पुढच्या वाक्यात तेच बरोबर रूप वापरून त्याला उत्तर दिलं. त्याने लगेच उचललं नाही, दोन-तीन आठवड्यांनी उचललं. आठवीला हेच नेलं तर ती मुलं कंटाळली. त्यांना गणित सोपं वाटलं. त्यांच्यासाठी बाजाराच्या भांडणाचा संवाद चालला, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात भावावरून.

आता खर्चाची बाजू, ज्याबद्दल माहितीपुस्तिका गप्प असते. फी वेगळी. त्याखेरीज टाचणांच्या, म्हणजे पाठाच्या आराखड्यांच्या, फायली, चार्ट पेपर, स्केचपेन, फ्लॅशकार्डं, लॅमिनेशन, स्पायरल बायंडिंग. कॉलेजजवळचा झेरॉक्सवाला या मोसमावर वर्ष काढतो. माणूस चांगला, हिशेब चोख, रात्री उशिरापर्यंत मशीन चालू. पण त्याच्याकडे मागच्या वर्षांची टाचणं तयार मिळतात, नुसतं नाव बदलायचं. घेऊ नका असं नीतीसाठी सांगत नाहीये. त्या टाचणांतली मुलं सगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात. 'अपेक्षित उत्तर' या रकान्यात जे लिहिलंय ते सहावीतल्या कुठल्याही जिवंत मुलाने आजवर दिलेलं नाही. त्यावर विसंबून वर्गात गेलात तर दहाव्या मिनिटाला पाठ संपतो आणि पंचवीस मिनिटं उरतात. लॅमिनेशन मात्र त्याच्याकडेच करा. पावसाळ्यात साधं चार्ट पेपर दोन दिवसांत पापडासारखं वाकडं होतं.

पुस्तकं विकत घेण्याची गरज फारशी पडली नाही. पणजीला पाटोवरची कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती लायब्ररी, मूळ 1832 ची, आता नव्या इमारतीत. इंग्रजी भाषाशिक्षणाची पुस्तकं, शांत जागा, बसस्टँडपासून चालत जाण्याजोगी. सत्तरीच्या बसची वाट बघत कदंब स्टँडवर बसण्यापेक्षा तिथे बसा. कॉलेजच्या कॅन्टीनबद्दलही एक वाक्य लिहायलाच हवं: पातळ भाजी-पाव पाचपैकी पाच, चहा पाचपैकी एक.

नोकरीचं काय, हा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो आणि पहिला विचारायला हवा. बीएड हातात आलं म्हणजे खुर्ची मिळाली असं नव्हे. सहावी ते आठवीसाठी शिक्षक पात्रता परीक्षेचा, म्हणजे टीईटीचा, दुसरा पेपर लागतो. केंद्राची सीटीईटी 150 गुणांची असते, उत्तीर्ण व्हायला 60 टक्के, चुकीला गुण कापत नाहीत आणि प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालतं. कोर्स चालू असतानाच देऊन टाका, मानसशास्त्र तेव्हा ताजं असतं. सुरुवात बहुतेकींची लेक्चर बेसिसवर, म्हणजे तासागणिक मानधनावर, होते, कोणीतरी बाळंतपणाच्या रजेवर गेली की तिच्या जागी. त्यात कमीपणा नाही, पण घरच्यांनी लगेच पगाराचा हिशेब मांडू नये.

मग घ्यावं कोणी? जिला मुलांच्या चुकीच्या उत्तरात रस आहे तिने जरूर. मराठी शाळेतून आलेली असाल आणि आपलं इंग्रजी 'तेवढं' नाही म्हणून कचरत असाल, तर तुम्ही तर आधी घ्यावं. पाचवीत माध्यम बदलताना काय होतं ते तुम्हाला पुस्तकातून शिकावं लागणार नाही. ज्यांना इंग्रजी बोलण्याची हौस आहे आणि त्यासाठी समोर कोणीतरी हवंय, त्यांनी दुसरं काहीतरी बघावं. आमच्या तुकडीत अशा दोघीतिघी होत्या. उच्चार झकास, निरीक्षणाचे गुण वरचे, आणि मुलं तास संपायची वाट बघायची.

एक राहिलं. सरकारी जाहिरातींत इंग्रजीच्या शिक्षकालाही कोकणीचं ज्ञान अत्यावश्यक आणि मराठीचं इष्ट असतं, शिवाय पंधरा वर्षांचा निवासी दाखला लागतो. तो मामलेदार कार्यालयातून आधीच काढून ठेवा, आणि टीईटीचं प्रमाणपत्र, मार्कशीट, जन्मदाखला यांच्या प्रती एका फायलीत घालून ती फाइल टाचणांच्या ढिगापासून लांब ठेवा.